गाडीचा इसावा

अण्णा, माझे वडील, घरी आले की लगेच घरात यायचे नाहीत. दारासमोरच्या लिंबाखाली गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन तसंच चालू ठेवून स्टेअरिंगवर हात टाकून बसून राहायचं, हा त्यांचा नेम होता. गाडी जागच्या जागी घुरघुरत असायची, काचेसमोरची खंडोबाची तसबीर थरथरत असायची आणि अण्णा कुठंतरी लांब बघत असायचे. माय त्या आवाजाच्या भरवशावर स्वयंपाक करायची. हायवेवरून गाडी आत वळल्याचा आवाज आला की परातीत पीठ पडायचं, लिंबाखाली गाडी उभी राहिली की तवा चुलीवर चढायचा. अण्णा चावी फिरवायचे तेव्हा पहिली भाकरी विस्तवाला लागून फुगलेली असायची. माझ्या लेकीला मी हे सांगते तेव्हा तिला वाटतं, आई रंगवून सांगतेय. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते भिंतीची शोभा म्हणून. जेवणाची वेळ गाडीच सांगायची.

नवा माणूस हा प्रकार बघून चक्रावायचा. आमचे चुलते, तात्या, तर मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "काय रं, घरात जायला भेतूस का काय वहिनीला?" अण्णा हसायचे, उतरायचे मात्र नाहीत. आणि मी लहानपणी गाडीकडं धावले, की माय चुलीपासूनच ओरडायची, "थांब की गं बये! लांबनं आलीय ती. जरा इसावा घेऊ दे तिला." विसाव्याला आमच्याकडं इसावा म्हणतात, आणि तो फक्त माणसानंच घ्यावा असा आमच्याकडं नियम नव्हता.

ही सवय लावली होती रशीदभाईंनी. शहरात धान्याच्या मोंढ्याच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि अण्णांनी भाडी मारायला जुनी गाडी घेतली ती त्यांच्याच ओळखीतून. त्या दिवशी मीही बरोबर होते. रशीदभाईंनी बॉनेट उघडून अण्णांना एकेक गोष्ट दाखवली. चार सिलिंडर, दोन लिटरचं डिझेल इंजिन, डाव्या अंगाला गोगलगाईच्या शंखासारखा लोखंडी टर्बो. "ये देखो अण्णा, ये गाडी फूँक पे चलती. धुआँ जाते जाते इसका पंखा घुमाता, पंखा हवा खींचके इंजन में ठूँसता. इसी लिए तो घाट में भी भागती." मग त्यांनी टर्बोवर बोट ठेवून बजावलं, की लांबून पळत आल्यावर फट्कन बंद नक्को करना. आतला पंखा लालभडक तापलेला असतो, इंजिन बंद झालं तरी तो गरगरत राहतो, आणि इंजिनच थांबलं तर त्याला तेल कोण पाजणार? तेल जागच्या जागी करपतं, तेल अडवणारं सील जातं, टर्बो मरतो. बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "आपल्या मेंढरावानीच हाय की गं ही. पळून आलेल्या जित्राबाला तरी आपण लगेच पाणी कुठं दावतो?"

ते मेंढरांच्या हिशेबानंच जग बघायचे, त्याला इलाज नव्हता. शेंद्र्याच्या माळावर आमची मेंढरं चरायची. माळाला तारेचं कुंपण पडलं, कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या आणि चारायला जागा उरली नाही. तात्यांनी आपली मेंढरं विकून थोरल्या पोराला कंपनीत चिकटवलं आणि अण्णांनाही तेच सांगितलं. अण्णांनी मेंढरं विकली, ती मात्र गाडीसाठी. तात्या संतापले. "अडाणी माणसानं लोखंडाच्या नादी लागू नये. उद्या बंद पडली म्हंजी?" त्यावर अण्णा जे बोलले ते आमच्या घरात कायमचं राहिलं. ते म्हणाले, "मेंढरामागं हिंडलो तरी मालक व्हतो. कुणी मला ऊठ म्हणलं नाय, बस म्हणलं नाय. आता या वयात कुणाच्या दारात उभा ऱ्हाऊन साहेब साहेब करायला लावू नगंस. ही गाडी हाय तवर म्या माझा हाय." गाडी आमच्यासाठी काय होती, ते त्यातच आलं. तिच्यावर पोट चालत होतं हे खरंच. पण अण्णांची मान ताठ होती, ती तिच्यामुळं.

मेंढरांपैकी घरात उरलं होतं फक्त एक घोंगडं. शेवटच्या कातरणीच्या लोकरीचं, काळंभोर, पावसाचं पाणी न झिरपणारं. अण्णांनी ते घडी घालून ड्रायव्हरच्या सीटवर टाकलं होतं. उन्हाळ्यात त्यावर बसायला नको व्हायचं, तरी ते हटलं नाही. गाडीत बसलेल्या सुशिक्षित मंडळींना त्याचा वास यायचा. एकदा पैठणला निघालेल्या एका बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "हे काढता येणार नाही का हो?" अण्णा अदबीनं म्हणाले, "बाई, त्ये काढलं तर गाडी चालत न्हाई." आणि त्या बाईंना ते यंत्राचंच काहीतरी असावं असं वाटून त्या बिचाऱ्या गप्प बसल्या.

त्या गाडीचे आवाज मला अजून वेगवेगळे सांगता येतील. थंडीत सकाळी लगेच चालू व्हायची नाही. चावी अर्धी फिरवून समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, तोवर आत हीटर तापायचे, मग एक ठसका आणि पांढरा धूर. रस्त्यावर वेग घेतला, की इंजिनाच्या घरघरीतून एक बारीक शीळ वर यायची. ती टर्बोची. कन्नडच्या घाटात माणसं भरून चढताना ती शीळ लांबत जायची, मागं काळा धूर सुटायचा आणि अण्णांचा एक डोळा कायम पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर. ते गाणी लावायचे नाहीत. "तिचं ऐकू दे की," म्हणायचे. मी शेजारी बसले, की माझ्या मांडीवर डबा असायचा. ज्वारीची भाकरी, लसणाची कोरडी चटणी, कधी अंबाडीची भाजी. घाटमाथ्यावर थांबून आम्ही तो खायचो, अर्थात गाडीनं इसावा घेतल्यावर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं जेवण कुठलं, असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन, आणि सांगताना रडेनही.

मग ती तेल प्यायला लागली. खाली एक थेंब सांडायचा नाही, तरी इंजिनातलं तेल उतरायचं. सकाळी चालू केली, की मागून निळसर धूर यायचा, आणि ती बारीक शीळ आता कुत्र्याच्या विव्हळण्यासारखी ऐकू यायची. अण्णा तिला रशीदभाईंकडं घेऊन गेले. त्यांनी हवेचा रबरी पाइप सोडवून आत बोट फिरवलं. बोट तेलानं माखून बाहेर आलं. "सील गया अण्णा. टर्बो का तेल हवा के रस्ते इंजन में जा रा. खोलना पडता." गाडी बरेच दिवस गॅरेजात राहणार होती, आणि लग्नसराई तोंडावर होती, वऱ्हाडांना अण्णा शब्द देऊन बसले होते. शब्द मोडायचा म्हणजे त्यांना लाज वाटायची. "येवढी लगीनसराई जाऊ द्या," ते म्हणाले. रशीदभाईंनी नाइलाजानं सांगितलं, "तो फिर तेल पे नजर रखो. कम पडने नक्को देना."

कमी पडू देऊ नका. एवढंच अण्णांनी धरून ठेवलं. मेंढरू आजारी पडलं, पोट फुगलं, खाईनासं झालं, की आमच्याकडं त्याचं तोंड वर धरून बांबूच्या नळीनं तेल पाजतात. दुखणेकऱ्याला जास्त पाजलेलं वाया जात नाही, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. अण्णा लांबून आले, की इसावा झाल्यावर लगेच बॉनेट उघडायचे, तेल मोजायची सळई काढून बघायचे. इंजिन नुकतं बंद झालेलं, तेल अजून वरच अडकलेलं, खाली उतरलेलं नसायचं. सळईवर ते कमी दिसायचं. अण्णा डबा तिरका करून ओतायचे. दुसऱ्या दिवशी लांब जायचं असलं, तर वर आणखी थोडं. माय कंबरेवर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "पाजा की, बिचारी लई दमतीया." नवराबायको आजारी जनावराभोवती उभी राहावीत तशी ती दोघं गाडीभोवती उभी राहायची. मी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. मलाही ते बरोबरच वाटत होतं. त्या अंगणात आम्ही तिघंही तिच्यावर सारखीच माया करत होतो.

तो दिवस उन्हाचा होता. अण्णा देवगाव रंगारीला वऱ्हाड सोडून दुपारी परत आले. वळणावर आवाज आला, मायनं परात ओढली. लिंबाखाली गाडी उभी राहिली, तवा चढला. मी दारात ज्वारी निवडत बसले होते. गाडी रोजच्यासारखी घुरघुरत होती आणि अण्णा रोजच्यासारखे लांब बघत होते. मग तो आवाज हळूहळू चढायला लागला. अण्णांनी खाली पायाकडं पाहिलं. पाय कशावरच नव्हता. आवाज आणखी चढला. मागून धुराचा लोट निघाला, पांढरानिळा, इतका दाट, की शेजारचं घर दिसेना. अण्णांनी चावी फिरवली. काही झालं नाही. त्यांनी चावी काढून घेतली, ते खाली उतरले आणि ती चावी हातात धरून आमच्याकडं बघत राहिले, जणू आमच्यापैकी कुणीतरी त्याचा अर्थ सांगणार होतं. चावी त्यांच्या हातात होती आणि गाडी चालू होती. ती आता डिझेलवर चालतच नव्हती; टर्बोतून येणारं तेल पिऊन स्वतःच्या मनानं पळत होती, आणि आत पाजलेलं सगळं संपेस्तोवर थांबणार नव्हती.

तात्या पळत आले. "गियरात टाक! वरच्या गियरात टाकून क्लच सोड, बंद पडंल!" ते खरंही होतं. पण गाडीचं तोंड घराकडं होतं, आणि दारात पिठाच्या हातांनी माय उभी होती, तिच्या मागं मी. गाडीनं एकदा झेप घेतली असती तर? अण्णांनी आमच्याकडं पाहिलं आणि ते गियरजवळ गेले नाहीत. त्यांनी सीटवरचं घोंगडं ओढलं, बॉनेट उघडलं, रशीदभाईंनी दाखवला होता तो हवेचा पाइप उपटला आणि त्या उघड्या तोंडावर घोंगड्याची घडी दाबून धरली. इंजिन किंचाळत होतं. ते घोंगड्याला आत ओढत होतं आणि अण्णा दोन्ही हातांनी, छातीचा सगळा भार टाकून, त्याचं तोंड बंद करत होते. ते बाजूनं वाकले होते, तोंड माझ्याकडं वळलेलं होतं. ते रडत होते की धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आज मला माहीत आहे, ते रडत होते. गाडी गदगदा हलली, आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. लिंबावरची पाखरं केव्हाच उडून गेली होती. घरातून करपल्याचा वास आला. मायच्या हातून भाकरी जळण्याची आमच्या घरातली ती पहिली वेळ.

रशीदभाईंनी इंजिन खोललं तेव्हा अण्णांनी मलाही सोबत नेलं. हिंदी त्यांना चांगली कळायची, पण त्या दिवशी त्यांना सोबत हवी होती. फळीवर सगळं मांडून ठेवलं होतं. वितळलेला पिस्टन, वाकलेला रॉड, आणि टर्बोच्या पात्यांना गुंडाळलेली काळी लोकर. अण्णांनी ती लोकर हळूच सोडवून खिशात घातली. मग विचारलं, "रशीदभाई, म्या जादा पाजलं म्हणून झालं का वं ह्ये?" रशीदभाई बराच वेळ हात पुसत राहिले. तेल भरमसाट झालं होतं, हे त्यांना आत बघताच कळलं असणार. ते म्हणाले, "नक्को अण्णा, वैसा नै. टर्बोच पुराना था. उसका टाइम आ गया था." अण्णांनी मान हलवली, पण त्यांनी ते खरं मानलं नाही. घरी येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत एकदाच बोलले, "माझ्याच हातानं पाजलं, माझ्याच हातानं तोंड दाबलं." रशीदभाई देवाघरी गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या त्या एका खोट्याबद्दल मी अजून त्यांना दुवा देते.

गाडी भंगारात गेली. काही महिन्यांनी तात्यांनीच शब्द टाकला आणि अण्णा शेंद्र्याच्या एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागले. खाकी कपडे मिळाले, छातीवर नावाची पट्टी मिळाली. कंपनीची गाडी चकचकीत होती, आणि तीही टर्बोचीच. घोंगडं टाकायची अर्थातच सोय नव्हती. उरलेलं घोंगडं मायनं पेटीत घालून ठेवलं. दुपारचा डबा मी गेटवर नेऊन द्यायचे. एकदा मी गेटजवळ उभी होते तेव्हा अण्णांची गाडी आली. साहेब लोक उतरून आत गेले, आणि अण्णा नेमानं इंजिन चालू ठेवून बसले, स्टेअरिंगवर हात टाकून, लांब बघत. आतून एक तरुण सुपरवायझर आला. वयानं तो माझ्याहून फार मोठा नसेल. त्यानं काचेवर टकटक केलं. "ए, बंद कर ना गाडी! कशाला पेटवून ठेवलीस? डिझेल काय तुझ्या घरचं आहे?" अण्णांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. टर्बोचं, तेलाचं, इसाव्याचं सांगणार असतील. मग त्यांची नजर माझ्यावर गेली, आणि ते म्हणाले, "जी साहेब." लगेच चावी फिरली. मी डबा चौकीदाराजवळ ठेवला आणि त्यांच्याकडं न बघता घरी आले, कारण मी पाहिलं नाही असं त्यांना वाटायला हवं होतं. अण्णांची मान खाली गेलेली मी पाहिली ती तिथं. मला वाईट वाटलं म्हणणं फार थोडं होईल. मला कुणीतरी लुबाडल्यासारखं वाटलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी कुठलीही गाडी उभी करून तशी चालू ठेवली नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसनं यायचे, हायवेवर उतरायचे आणि चालत सरळ घरात शिरायचे. आवाज न होता येणाऱ्या माणसाची मायला सवयच झाली नाही. ती दर वेळी दचकायची, "आले व्हय?" म्हणत गडबडीनं तवा ठेवायची, आणि अण्णा ताट पुढ्यात घेऊन भाकरीची वाट बघत बसायचे. आता माझ्या लेकीची गाडी सिग्नलला आपोआप बंद होते, आपोआप चालू होते. ती म्हणते, आई, हल्ली असं काही थांबावं लागत नाही. असेल बाई, मी कुठं नाही म्हणतेय. पण लांबून आलो की मी तिला म्हणतेच, जरा वेळ राहू दे चालू. ती हसते आणि राहू देते, गुणाची आहे.

अण्णा गेले ते शहरातल्या दवाखान्यात. गाडीतून आम्ही त्यांना घरी आणलं. हायवेवरून वळलो, लिंबाखाली गाडी उभी राहिली, आणि अंगणात जमलेली माणसं लगबगीनं पुढं झाली. दिवस कलला होता, उजेड आहे तोवर सगळं आटपायचं होतं. तात्या तोवर पुरते वाकले होते, तरी त्यांनीच मागचं दार उघडलं. तेवढ्यात माय बायकांमधून उठली, गाडीपाशी आली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "थांबा. लई लांबनं आलेत. जरा इसावा घेऊ द्या त्यास्नी."

तात्यांनी मान खाली घातली आणि सगळ्यांना हातानं मागं सारलं. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता. घाबरून त्याचा हात चावीकडं गेला. मी खिडकीजवळ जाऊन त्याला म्हणाले, "राहू दे चालू." आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. गाडी घुरघुरत होती, आणि आत अण्णा स्वस्थ पडून होते. त्यांना ऊठ म्हणणारं, बस म्हणणारं, बंद कर म्हणणारं आता कुणीही नव्हतं. मग मी त्या पोराला खूण केली. त्यानं चावी फिरवली, आणि अंगणात इसाव्यानंतरची ती जुनी शांतता आली. माय वळली. इतक्या वर्षांच्या सवयीनं ती सरळ घरात गेली, चुलीपुढं बसली, आणि तिचा हात तव्याकडं गेला. त्या दिवशी आमची चूल पेटलेली नव्हती.